मनकर्णाबाईच्या नावचा हुकूम

मनकर्णा मोटारीतून उतरली तेव्हा हेमंत स्टँडवर उभा होता. संत्र्याचा तोडा सुरू असताना हा माणूस बगीचा सोडून गावात येत नसे, म्हणून तिला नवल वाटलं. त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली नाही, ‘या’ही म्हटलं नाही. तो तिच्या खांद्यावरून मोटारीत बघत राहिला आणि शेवटचा माणूस उतरल्यावरच तिच्याकडे वळला.

“एकट्याच आल्या?”

“दर खेपेले एकटीच येते,” मनकर्णा म्हणाली.

श्रीधर सोबत आला आहे की काय, हे तो बघत होता. तिला ते कळलं, आणि तिला कळलं हे त्याच्याही ध्यानात आलं. मग तो पुढं आणि ती मागं, अशी दोघं घरी आली.

सौंसरच्या त्या घरी मनकर्णा शिमग्यापासून दर महिन्याला येत होती. तिचा धाकटा भाऊ श्रीधर आणि त्याची बायको उर्मिला यांचं फाटलं त्याला तीन वर्षं झाली होती. उर्मिला चार वर्षांच्या मीनाला घेऊन माहेरी सौंसरला निघून आली, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. श्रीधर तहसीलात बाबू होता, तो पांढुर्ण्यातच राहिला. मग छिंदवाड्याच्या कोर्टात पेशीवर पेशी होत शेवटी हुकूम झाला. पोरगी आईजवळ राहील. महिन्याचा शेवटचा रविवार आणि दिवाळीचे सण बापाकडे पांढुर्ण्याला. जिल्ह्याबाहेर तिला कोणी नेणार नाही. दोन्ही घरांचा एकमेकांवर काडीचा भरवसा नव्हता. बाप न्यायला आला तर आईचे लोक दार उघडणार नाहीत आणि आई सोडायला गेली तर बाप परत पाठवणार नाही, अशी दोघांची तक्रार. तेव्हा जजसाहेबांनी विचारलं की दोघांनाही चालेल असं कोणी आहे का? मग उर्मिलाच म्हणाली, “वन्सं.” तेव्हापासून नेणं-आणणं मनकर्णाबाईनं करावं, असं त्या हुकुमात नाव घालून लिहिलेलं होतं.

ओट्यावर भैय्याजी बसले होते. उर्मिलेचे आणि हेमंतचे वडील, जुने हेडमास्तर. त्यांना तो हुकूम पाठ होता आणि दर खेपेला ते तो मनकर्णेला ऐकवत. या वेळी ‘जिल्ह्याबाहेर’ या शब्दावर ते थांबले आणि तो त्यांनी पुन्हा म्हटला. मनकर्णेनं मान हलवली. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी पोरगी इथं, माझ्या हातानं, असं तिनं सांगितलं.

आत उर्मिला मीनाचे परकर-पोलके घडी करत होती. तिनं वर न बघता विचारलं, “वन्सं, ते नागपूरला चालले म्हणतात. खरं का?”

“कोण म्हणते?”

“तहसीलात सगळ्यांना ठाऊक आहे. नवं राज्य होऊन राहिलं, तर बाबूंचीही वाटणी झाली. कोणी इकडे, कोणी तिकडे. यांनी तिकडचं मागितलं. मिळालं.”

मनकर्णा ज्या भावाला स्वतःच्या हातानं जेवू घालत होती, त्याच्या तोंडून तिनं यातलं अक्षरही ऐकलं नव्हतं. “मले नाही ठाऊक,” ती म्हणाली. उर्मिलेनं तेव्हा कुठे वर बघितलं. ती बाई आपल्याला खोटी समजते आहे हे मनकर्णेनं त्या नजरेत वाचलं, आणि तिला तिचा रागही आला नाही. एका घरात राहणाऱ्या बहिणीला हे माहीत नसावं, यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

*

पांढुर्ण्यात त्या वर्षी, छप्पन्न साली, दिवाळी आणि नवं राज्य एकाच हप्त्यात आली. पहिल्या तारखेला तहसीलात सभा झाली, पेढे वाटले गेले. लोक आकाशदिवे लावता लावता एकमेकांना विचारत होते की आता आपली राजधानी कोणती. काल नागपूर होतं, आता भोपाळ. ज्यांचे अर्धे सोयरे काटोल-वरुडला होते त्यांना आपल्या लेकी परमुलखात गेल्यासारखं वाटत होतं. समोरच्या केसरबाईचा मुलगा नागपूरला गिरणीत होता. त्याला आता गावी यायला परवाना लागतो का, असं तिनं श्रीधरला दोनदा विचारलं.

श्रीधर हसून नाही म्हणाला. तो त्या दिवसांत फार हसत होता. मीनाला त्यानं नवे बूट आणले, लोकरीचा कोट आणला. दिवस कलला की तिला घेऊन स्टेशनवर गाड्या बघायला जायचा. मनकर्णेनं मीही येते म्हटलं तर म्हणाला, तू कुठं दगदग करतेस.

एवढ्या-एवढ्या गोष्टी. पण उर्मिलेनं विचारल्यापासून मनकर्णेला त्या साध्या दिसेनात. कोट कशाला? इथली थंडी एवढी कुठली? स्टेशनावर रोज काय बघायचं? तिला वाटे, आपण भावावर पाळत ठेवतो आहोत. श्रीधरनं कधीकाळी उर्मिलेवर ठेवली होती तशी. बाजारातून ती कोणत्या रस्त्यानं आली, कोणाशी बोलली, घरी यायला उशीर का झाला. तो ओरडत नसे, हात उगारत नसे. समोर बसून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारी. त्याच विचारण्याला कंटाळून उर्मिला गेली होती.

एका सकाळी मीनाची वेणी घालताना मनकर्णेनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “काल स्टेशनवर काय पाहिलं बाई?”

“काहीच नाही.”

“गाडी नाही आली?”

मीना अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली, “आत्या, इथलं तिथं सांगायचं नाही. तिथलं इथं सांगायचं नाही. तिथं मामा विचारते, इथं बाबा विचारते. मग मी बोलू काय?”

मनकर्णेचे हात थांबले. तिनं पुढं काही विचारलं नाही. सात वर्षांच्या पोरीच्या पोटात दोन घरांचं इतकं साठलं होतं, त्यात आपली भर कशाला, असं तिला वाटलं.

पाडव्याच्या दिवशी ती अनारसे तळत होती. श्रीधर आणि मीना बाहेर गेले होते. घरमालक चिंधू साहूकार दारात आला. सोबत एक अनोळखी माणूस आणि त्याची बायको. चिंधूनं सणाचा रामराम केला आणि त्या दोघांना घेऊन सरळ आत आला. ती बाई मोरी बघून आली, खिडकी उघडून बघितली, चूल धूर करते का असं तिनं मनकर्णेलाच विचारलं.

“बाबूसाहेब भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी खाली करून देते म्हणाले,” चिंधू म्हणाला. मनकर्णेचा चेहरा बघून तो अडखळला. “तुम्हाले बोलले असतीलच ना.”

“हो, बोलला,” मनकर्णा म्हणाली. कढईतला अनारसा करपला होता.

*

दुपारी मीना केसरबाईकडे खेळायला गेल्यावर तिनं श्रीधरला समोर बसवलं. चिंधू येऊन गेला एवढंच सांगितलं. तो थोडा वेळ पायाचा अंगठा चोळत राहिला.

“मी खोटं नाही बोललो, अक्का. सांगितलं नाही, एवढंच. नागपूरले महाल भागात दोन खोल्या पाहिल्या आहेत. तूही येऊन राहिली सोबत. तुझ्याशिवाय तिले कोण पाहील?”

“मीनाले नेऊन राहिला तू?”

“माझी पोरगी आहे.”

“भैय्याजींनी ‘जिल्ह्याबाहेर’ हे दोनदा म्हणून दाखवलं मले. मी मान हलवून आली.”

मग तो बोलत सुटला. हुकूम छिंदवाड्याचा, छिंदवाडा मध्य प्रदेशात. नागपूर गेलं मुंबई राज्यात. या राज्यातला कागद त्या राज्यात पोचायचा, तिथल्या कचेरीनं तो वाचायचा, कोणाच्या हद्दीत आहे ते ठरवायचं, तोवर पोरगी न्हातीधुती होते. हे कितपत खरं, मनकर्णेला कळायला मार्ग नव्हता. पण कचेरीत जन्म घालवलेला माणूस होता तो. कागद कुठं किती झोपतो हे त्याला ठाऊक होतं.

“मी दौऱ्यावर होतो तेव्हा तिनं नेली,” तो म्हणाला. आता त्याचा आवाज बसला होता. “घरी आलो तर दारात पोरीची एक वहाण पडली होती. दुसरी घालून गेली असेल की उचलून नेली असेल, मी तेवढाच विचार करत बसलो. तेव्हा कुठं होता हुकूम?”

मनकर्णेला ती संध्याकाळ आठवत होती. तिनंच त्याच्या हातातून ती वहाण घेतली होती. तो काही ढोंग करत नव्हता. पोरीवर त्याचा जीव होता यात तिला कधीच शंका नव्हती आणि म्हणूनच आता बोलणं कठीण होतं.

“रवीच्या बापालेही असंच वाटलं असेल,” ती म्हणाली. “माझा पोरगा आहे.”

श्रीधरनं मान खाली घातली. त्या घरात रवीचं नाव कोणी काढत नसे. मनकर्णा बावीस वर्षांची असताना वरुडच्या सासरनं तिला परत पाठवलं होतं. स्वयंपाकाला बरी नाही, उलट बोलते, असली काहीबाही कारणं होती. रवींद्र पाच वर्षांचा. पोरगा घराण्याचा, तो राहील, असं त्यांनी सांगितलं. तिचे वडील समजवायला म्हणून गेले, पाहुणचार घेऊन परत आले. कोर्ट नव्हतं, रविवार नव्हता. पुढं कितीतरी वर्षांनी तिगावच्या स्टेशनवर एक वऱ्हाड उतरलं. त्यात कोणीतरी ‘रवींद्र’ म्हणून हाक मारली आणि ती वळली. मिसरूड फुटलेला एक मुलगा हातात पेटी घेऊन तिच्यासमोर उभा होता. “बाई, जरा सरकता का,” तो म्हणाला. ती सरकली.

“तुझ्या पोरीले उर्मिला महिन्यातून एकदा तरी दाखवते ना? माझ्या हातानं दाखवते. तू नागपूरले नेल्यावर तिच्या मायले कोण दाखवेल?”

श्रीधर उठला. दारापर्यंत गेला आणि वळला. त्याच्या डोळ्यांत ती जुनी पाळत उतरली होती. उर्मिलेला विचारायचा त्याच सुरात त्यानं विचारलं, “सौंसरच्या लोकांनी काय सांगितलं तुले? तू कोणाकडची आहेस, अक्का?”

याला ती लहानपणी कडेवर घेऊन फिरली होती. ती उठून चुलीकडे गेली.

*

भाऊबीजेला सकाळीच तिनं पाट मांडला, रांगोळी घातली. श्रीधर आंघोळ करून येऊन बसला. रात्रीत त्याचा राग उतरला असावा, किंवा बहीण शेवटी आपल्याच पाठीमागे येईल अशी त्याची खात्री असावी. येऊन-जाऊन ती जाणार कुठं? तिनं त्याला टिळा लावला, ओवाळलं. त्यानं ताटात हिरवं लुगडं ठेवलं, तिच्या पाया पडला. तिनं त्याच्या तोंडात अनारसा घातला आणि लुगडं घडीसकट कोनाड्यात ठेवून दिलं.

मग मीनाची पिशवी भरायला घेतली.

“गाडी उद्या आहे,” श्रीधर म्हणाला.

“मोटार आज आहे. सौंसरची.”

तो पाटावरून उठून दारात येऊन उभा राहिला. त्याला ढकलून जाण्याची ताकद तिच्यात नव्हती आणि तसं तिच्या मनातही नव्हतं. मीना नवे बूट घालून भिंतीशी उभी होती.

“शिरू,” ती म्हणाली, “उर्मिलेनं तुझ्या पाठीमागं नेली. मी तुझ्या समोर नेऊन राहिली. तुले अडवायचं असेल तर अडव. मी आरडाओरडा नाही करणार.”

“गेलीस तर या घरात पाय ठेवू नको.”

“हे घर तर तू चिंधूले दिलं.”

तो मीनासमोर खाली बसला, तिचे दोन्ही हात धरले. “बेटा, खरं सांग. तुले कोणाजवळ राहायचं आहे?”

मीनानं त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग आत्याकडे. मग पुन्हा बापाकडे. कोणतं उत्तर दिलं म्हणजे हा प्रश्न संपेल, ते ती त्याच्या चेहऱ्यावर शोधत होती. ओठ हलले आणि मिटले.

“तुम्ही म्हणाल तिथं,” ती म्हणाली.

श्रीधरचे हात सुटले. असं तोंडाकडे बघून मापून उत्तर देणारं माणूस या घरात याआधी एकच होऊन गेलं होतं, उर्मिला. मनकर्णेला ते त्याच क्षणी आठवलं. त्यालाही आठवलं असावं, कारण तो बराच वेळ उकिडवाच बसून राहिला. मग दारातून बाजूला झाला आणि मागच्या अंगणात निघून गेला. त्या दोघी मोटार स्टँडवर पोचेपर्यंत मनकर्णा वळून वळून बघत होती. तो आला नाही.

*

सौंसरला पोरगी ठरल्या दिवसाच्या आधी परत आली म्हणून आनंद व्हावा, तर उलटंच झालं. आधी का आली? मारलं का? पोरीला काही शिकवून पाठवलं का? मागाहून श्रीधर येऊन, आपला दिवस बुडवला म्हणून नवी अर्जी करणार आहे का? भैय्याजींनी मनकर्णेला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि एकेक प्रश्न उलटसुलट करून विचारला. हेमंत मीनाला मागच्या खोलीत नेऊ लागला तेव्हा मनकर्णा उठली आणि पोरीचा हात धरून उभी राहिली. जे विचारायचं ते मले विचारा, ती म्हणाली.

हेमंतला हवं ते त्यानं सरळ सांगितलं. तिनं छिंदवाड्याला येऊन एवढंच बोलावं की भाऊ पोरगी पळवणार होता. रविवार बंद, दिवाळी बंद, कायमचं सुटलो. तिच्या राहण्याची काळजी तिनं करू नये. मागची खोली रिकामीच आहे, या घरात ती जन्मभर जेवेल. हे तो मनापासून म्हणत होता. पण त्याच बरोबर श्रीधरची बहीण आपल्या बाजूला आल्याचा आनंदही त्याला लपवता येत नव्हता.

“मी नाही बोलणार,” मनकर्णा म्हणाली.

“मग तुम्ही त्याच्याच बाजूच्या.”

“पोरगी तुमच्या दारात आणून उभी केली ना?”

हेमंत पुटपुटत बगीच्यात निघून गेला. भैय्याजींनी डोळे मिटून घेतले. उर्मिला इतका वेळ दाराआड उभी होती. तिनं मनकर्णेला आत नेलं, कडी लावली आणि विचारलं की तो खरंच नेणार होता का.

मनकर्णेला खोटं बोलता आलं असतं. “हो,” ती म्हणाली. “ठरलं होतं. मग त्यानं दार सोडलं.”

“का?”

मनकर्णेनं मीनाचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. उर्मिला खाली बसली. तिच्या घरातही पोरगी हेच उत्तर देत होती आणि इथं त्याला सगळे शहाणपण म्हणत होते. ती म्हणाली, “मी असते तर दार सोडलं नसतं, वन्सं.” आणि मग, “हे दादाला सांगू नका.”

पुढं पुन्हा पेशी लागली, तिला उर्मिला भावाला न घेता छिंदवाड्याला गेली. श्रीधर नागपूरहून आला. आता पांढुर्ण्याचं घर उरलं नव्हतं, तेव्हा बापानं पोरीला भेटायचं कुठं, हा प्रश्न होता. सौंसरला त्या घरात तो पाय ठेवणार नाही, नागपूरला ती पाठवणार नाही. जजसाहेब कंटाळले होते. उर्मिलेनं सांगितलं की मनकर्णाबाईंना मुलींच्या शाळेत शिपाईबाईचं काम लागलं आहे, बाजारामागे त्यांनी एक खोली घेतली आहे, तिथं चालेल. श्रीधरनं बहिणीकडे बघितलं. भाऊबीजेनंतर तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्यानं मान हलवली. नव्या हुकुमात लिहिलं गेलं: शेवटचा रविवार, सकाळपासून दिवे लागेपर्यंत, मनकर्णाबाईच्या घरी.

मनकर्णेनं ते परत वाचून दाखवायला सांगितलं. वडिलांचं घर, नवऱ्याचं घर, भावाचं घर एवढंच तिनं आजवर ऐकलं होतं.

हुकुमातल्या पहिल्याच रविवारी श्रीधर नागपूरहून छोट्या रुळाच्या गाडीनं आला. आत येताच त्याची नजर खोलीच्या मागच्या दाराकडे गेली. त्याला कुलूप होतं, ते त्यानं हलवून बघितलं. समोरच्या चहाच्या दुकानात हेमंत सकाळपासून पाठ फिरवून बसला होता आणि चहावर चहा पीत होता. मनकर्णेनं दोघांनाही काही म्हटलं नाही. मीनाला तिनं आपणच जाऊन आणलं. बापलेकीला भाकरी वाढली आणि आपण दाराशी बसून तांदूळ निवडू लागली.

दुपार कलायच्या आतच उर्मिला आली. शाळेत काही काम होतं, इकडून चाललेच होते, असं ती सांगू लागली. नजर मनकर्णेच्या खांद्यावरून आत वळत होती.

“वेळ व्हायची आहे,” मनकर्णा म्हणाली.

“हो, पण ती नीट...”

“दिवे लागले की ये. माझ्या घरी आहे ती.” आणि तिनं दार पुढं लोटलं.

पावलं लांब गेल्याचं काही ऐकू आलं नाही. उर्मिला पायरीवरच बसली होती. फटीतून तिचा पदर दिसत होता. आत श्रीधर मीनाला नागपुरातल्या गिरणीच्या भोंग्याचं काहीतरी सांगत होता. बाहेर कोण आहे ते त्याला कळलं आणि त्याचा आवाज आपोआप खाली आला. तो पोरीच्या कानाशी वाकला.

मनकर्णेनं सूप बाजूला ठेवलं.

“मोठ्यानं बोल, शिरू,” ती म्हणाली. “तिलेही ऐकू दे.”